उसने घेतलेले जीव

सुमन, तुझ्या शोकसभेत मी उभा राहिलो आणि "जेवून जा" एवढंच बोलून खाली बसलो.

जलदान विधी झाला होता, वंदना झाली होती. अंगणातल्या मांडवात माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती आणि एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. सगळ्यांचं बोलणं एकच. "सुमनवहिनींसारखी काटकसर कुणाला जमायची नाही." "वादळानंतर घर कसं चालवलं ते तिचं तिलाच ठाऊक." तुझा भाऊ म्हणाला, "आमच्या ताईनं कधी कुणापुढं हात पसरला न्हाय." माणसं माना हलवत होती. मला तो मांडव अंगावर पडल्यासारखा वाटत होता. मग बौद्धाचार्य माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा, तुम्हीपण दोन शब्द बोला."

त्यांनी दोन मागितले, मी दोनच दिले. घशात होते ते जास्त होते, ते तिथंच राहिले. मागच्या ओळीत कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मला राग आला नाही. तू असतीस तर तूच पहिली हसली असतीस.

परवा वाचनालयातल्या मोरेबाई आल्या. म्हणाल्या, "काका, यंदाच्या हस्तलिखित अंकात काकूंवर तुम्ही लिहा. विज्ञानकथांचं कपाट त्यांच्याइतकं गावात कुणी वाचलं नाही." मी म्हटलं, "बाई, मी सातवी नापास. मला विटा मोजता येतात." त्या म्हणाल्या, "बोलता तसं लिहा. ऱ्हस्वदीर्घ मी बघते." म्हणून बसलोय. तुझा जन्म कुठला, लग्न कधी झालं हे लिहीत नाही. ते तुला माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांचं त्यावाचून काही अडलेलं नाही. मला दुसरं सांगायचंय. पण ते एकदम सांगता येत नाही, म्हणून व्हिडिओ गेमपासून सुरू करतो.

प्रज्ञा पाचवीत होती. मी दिघीहून लाँचने खाडी ओलांडून मुरुडकडे कामाला जायचो. एका लॉजच्या सहा मोऱ्या बांधल्या, लाद्या बसवल्या. आम्हा गवंड्यांत रीत आहे, काम संपलं की मालक म्हणतो, उरलंसुरलं काय हवं ते उचल. तिथं कोपऱ्यात पांढऱ्या लाद्यांच्या दोन पेट्या उरल्या होत्या. तू सकाळीच बजावलं होतंस, "लाद्या मागून आणा. गवंड्याच्या घरची मोरी अन् पायाखाली शेवाळ." मी लाद्या उचलायला वाकलो आणि मला शेजारी ते दिसलं. मालकाने लॉजवरची पोराटोरांची खेळायची खोली बंद केली होती. टीव्हीला लावायचा गेम, वायरवाले दोन रिमोट आणि पाच-सहा कॅसेटा एका खोक्यात पडल्या होत्या. मी लाद्या ठेवल्या आणि खोकं उचललं.

तू खोक्यात डोकावून बघितलंस.

"लाद्या कुठंत?"

"हे आणलं. प्रज्ञाला."

"प्रज्ञा मोरीत पडली की हेच लावा तिच्या डोक्याला."

चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी मी कामावरून आलो तर प्रज्ञा एका बाजूला रुसून बसलेली आणि तू रिमोट घेऊन टीव्हीपुढे मांडी घालून. मला बघून म्हणालीस, "एवढा पूल ओलांडते आणि चहा टाकते." चहा मीच टाकला. तुझा पूल पाऊण तास चालला.

तेव्हापासून ती वस्तू तुझी झाली. बाकी घरांत पोरं कॅसेटीत फुंकर मारायची. तू फुंकू द्यायची नाहीस. "थुंकी उडते आत. आधीच खारा वारा, वर तुमची लाळ." जुन्या लुगड्याच्या कापडाने तू कॅसेटचे दात पुसायचीस आणि गेम झाला की ती कॅसेट चिंधीत बांधून तांदळाच्या डब्यात खुपसायचीस. तांदूळ दमटपणा ओढून घेतात म्हणे. आपल्याकडे पाहुणी आलेली तुझी जाऊ एकदा तांदूळ काढायला गेली आणि तिच्या हाताला ती चिंधी लागली. तिला वाटलं दागिना आहे. दोन दिवस ती तुझ्याशी फार गोड बोलली.

वादळ आलं तेव्हा आपले पत्रे उडाले. मी टीव्हीवर गोधडी टाकत होतो आणि तू तांदळाचा डबा कवेत घेऊन कोपऱ्यात बसलीस. मी ओरडलो, "अगो, कागदपत्रं घे!" तू म्हणालीस, "कागद परत मिळतात." आज शहरात लोक हे जुने गेम हौसेने विकत घेतात असं प्रज्ञा सांगते. आपली कॅसेट अजून चालते. तांदळाची करामत.

खेळ एकच. तांबडा माणूस तुझा, निळा माझा. दोघांनी मिळून गोळ्या चुकवत पुढे जायचं. प्रत्येकाला तीन जीव. ते वर कोपऱ्यात दिसतात, तुझे तुझ्या बाजूला, माझे माझ्या. मेलं की एक कमी. तिन्ही संपले की परत पहिल्यापासून. मध्येच ठेवून उद्या पुढे खेळू अशी सोय नाही, लाईट गेली तरी पहिल्यापासून. प्रज्ञाला त्याचा कंटाळा यायचा. तुला तेच आवडायचं. म्हणायचीस, "परत पहिल्यापासून यावं लागतं म्हणून रस्ता पाठ होतो."

आता आपल्या नातीच्या फोनमध्ये गेम आहे. त्यात जीव संपले की पैसे भरून नवे घेता येतात. तिने तुला ते दाखवलं, मोठ्या कौतुकाने. तू चष्मा वर केलास, खाली केलास. म्हणालीस, "बाय माझे, हा गेम न्हाय. हे दुकान हाय. गिऱ्हाईक मेलं की यांचा धंदा." पोर बिचारी हिरमुसली. मग तिला शेव दिलीस.

आपल्या खेळात धबधब्याचा भाग होता. तिथं उभं चढायचं, दगडावरून दगडावर उडी मारत. त्या जागेची एक खोड होती. जो वर चढेल त्याच्याबरोबर टीव्हीतलं चित्र वर सरकतं. खालचा मागे राहिला की चित्राबाहेर पडतो आणि मरतो. त्याला कुणी गोळी मारलेली नसते. पुढचा घाईत असतो, एवढंच.

मी कायम घाईत असायचो. पहाडावर चढल्यासारखा भराभरा वर. खालून तू ओरडायचीस, "अहो थांबा! मी खाली हाय!" तेवढ्यात तुझा तांबडा माणूस खलास. तू रिमोट मांडीवर आपटायचीस. "शत्रूनं एकदा मारलं, तुम्ही दोनदा."

मी म्हणायचो, "तू हळू."

"मी हळू न्हाय. मी बघून पाय टाकते."

हा वाद पंचवीस वर्षं चालला. संपला नव्हता.

आणि दुसरी गोष्ट. ती मी लिहिल्यावर मोरेबाई मला काय म्हणतील माहीत नाही. माझे तीन जीव संपले की मी एक बटण दाबायचो आणि तुझ्यातला एक जीव माझ्याकडे यायचा. हे मला चुकून सापडलं होतं. तुला विचारावं लागत नव्हतं. तुझ्या बाजूचा एक कमी व्हायचा आणि माझा निळा माणूस परत टणकन उभा. शेजारीण उसनी वाटीभर साखर न्यायला येते तीसुद्धा दारात उभी राहून हाक मारते. मी कधी हाक मारली नाही. तू वर कोपऱ्यात बघायचीस, एक कमी झालेला दिसायचा. म्हणायचीस, "नेलात वाटतं." बस. पुढे खेळायचीस. उरलेल्या एकावर तू माझ्या तिघांपेक्षा लांब जायचीस, म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही.

तुझ्या पुस्तकांचं थोडं लिहितो, कारण मोरेबाईंना ते हवंय.

दुपारी मी थापी-रंधा धुवून दगडावर पाय पसरून बसलो की तू मला विज्ञानकथा वाचून दाखवायचीस. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. तुझी टीका मात्र कळायची. मंगळावर तीन वर्षांसाठी सहा माणसं निघाली की तू पुस्तक बोटात धरून विचारायचीस, "तांदूळ किती नेला?" लिहिलेलं नसायचं. "तीन वर्षं अन् सहा तोंडं. लेखकानं यंत्राचा स्क्रू न् स्क्रू लिहिलाय, आणि पोतं एक न्हाय." मग तू स्वतः हिशेब करायचीस, माणशी अडीच मुठी दोन वेळेला, पाहुण्याची एक मूठ जास्त. मी म्हणायचो, "मंगळावर पाहुणा कुठला?" तू म्हणायचीस, "यायचा कुणीतरी. आपल्याकडे न्हाय का येत, लाँच चुकली म्हणून."

यानात भांडी कोण घासतं, हाही तुझा प्रश्न होता. एका गोष्टीत यंत्रमानव घासतो असं निघालं, तेव्हा तू ती गोष्ट दोनदा वाचलीस.

मीही एकदा मत दिलं. चंद्रावर वस्ती बांधतात अशी गोष्ट होती. मी म्हटलं, सगळं थाप. तिथं वजन नाही, तर ओळंबा लटकणार नाही. ओळंब्याशिवाय भिंत सरळ कशी येईल? तू पुस्तक मिटलंस. "आज पहिल्यांदा अक्कल वापरून ऐकलंत. पण चुकलात. यानात न्हाय लटकत. चंद्रावर लटकतो. हळू लटकतो." मी म्हटलं, नाही लटकत. तू म्हणालीस, लटकतो. दोन दिवस जेवणात हेच. तिसऱ्या दिवशी मी प्रज्ञाला फोन करून हळूच विचारलं. ती म्हणाली, आईचं बरोबर. मी ते तुला सांगितलं नाही. आठ वर्षं झाली. सुमन, चंद्रावर ओळंबा लटकतो.

मागच्या काळात जायच्या गोष्टी तुला मुळीच आवडायच्या नाहीत. यंत्रात बसून मागं जायचं आणि झालेली चूक दुरुस्त करायची. तू म्हणायचीस, "असल्या गोष्टी आळशी माणसासाठी. मागं जाता येतं म्हटल्यावर कोण धड काम करील? तुम्ही सांगा, भिंत परत बांधता येणार म्हटल्यावर ओळंबा लावाल?" मी म्हणायचो, नाही लावणार. तेव्हा आपलं त्यावर एकमत होतं.

आता नाही. मला ते यंत्र हवंय. फार लांब जायचं नाही. गेल्या भाद्रपदातली एक दुपार, आपल्या पडवीत, एवढंच.

आता सांगतो.

वादळाने बोर्लीच्या आसपासच्या सुपारीच्या बागा झोपवल्या. तू तिथं सुपारी सोलायला जायचीस, ते काम गेलं. नव्या पोफळी लावल्या, पण पोफळ काही लगेच पोट भरत नाही. माझा गुडघा त्याच सुमाराला गेला. शिडी चढता येईना, मग गवंड्याला कोण बोलावतो. प्रज्ञा पनवेलहून पाठवायची, पण तिचंही घर. तरी आपल्या ताटात काही कमी दिसलं नाही. बारीक सुक्या कोळंबीचं कोलीम असायचं, भाकरी असायची, माझं पान असायचं. मी विचारायचो, "पुरतंय का गो?" तू म्हणायचीस, "पुरतंय." एकदा तुझ्या वहिनीला तू सांगत होतीस ते मी ऐकलं. "पैसे कुणीपण वाचवतं. घर चालवायचं म्हणजे काय संपत आलंय ते घरात कुणाला कळू द्यायचं न्हाय." मला ते फार आवडलं होतं. मी ते चार लोकांना सांगितलं, माझी बायको असं म्हणते म्हणून. मिशीला पीळ देऊन सांगितलं.

तर ती दुपार. मी पान लावायला बसलो. अडकित्ता उघडला. पात्यावर पांढरी भुकटी होती. मी विचारलं, "काय गो, अडकित्त्याला पांढरं काय?"

तू आतून म्हणालीस, "चुना असंल."

चाळीस वर्षं माझे हात चुन्यात आहेत. चुना भिजवलाय, चाळलाय, त्याने हाताची सालं काढून घेतलीत. चुना वाळला की खपली धरतो, बोटाला खरखरीत लागतो. शिवाय पान या घरात मी एकटाच खातो आणि चुना मी बोटाने लावतो. तो अडकित्त्यावर कशाला जाईल? ही भुकटी मऊ होती. मी बोट जिभेला लावलं. कडू.

तुझी रक्तदाबाची गोळी मला माहीत होती. दिवसाला एक, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. सुपारीसारखी तू ती अडकित्त्यात धरून मधोमध कातरत होतीस, महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवत होतीस, हे मला त्या एका बोटात कळलं.

मी अडकित्ता धोतराला पुसला. सुपारी कातरली. पान खाल्लं.

का, ते मी रोज स्वतःला विचारतो. उत्तर मोठं काही नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, पैसे न्हायत. मग मला उठून काहीतरी करावं लागलं असतं. कुणापुढं तरी जावं लागलं असतं. पोरीला सांगावं लागलं असतं. त्या दिवशी गुडघा दुखत होता आणि पान चांगलं लागलं होतं. मनाशी म्हटलं, तिला बरं वाटतंय, अर्धीने भागत असेल. तिचं ती बघते. कायम बघते.

मार्गशीर्षात एका सकाळी तू मोरीवर तांदूळ धूत होतीस. पातेलं वाजलं. मी आलो तर तांदूळ मोरीभर, तुझं तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि तू उजव्या हाताने तांदूळ गोळा करत होतीस. डावा हात येत नव्हता. तू काहीतरी बोललीस, ते मला कळलं नाही. अजून रोज आठवून बघतो, कळत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, चांगला होता. त्याने मला विचारलं, "आजोबा, प्रेशरची गोळी रोज घेत होत्या?"

मी म्हटलं, "व्हय. रोज."

तू रोज घेत होतीस हे खरंच होतं. अर्धी, हे मी सांगितलं नाही. सांगून काही उपयोग झाला असता का, मला माहीत नाही. त्याला नंतर विचारायची हिंमत झाली नाही. प्रज्ञा शेजारी उभी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

नंतर प्रज्ञाने तुझी डबी उघडली. आत अर्धुकं निघाली, अकरा. शेजारी माझी डबी. माझी साखरेची गोळी, अख्खी, पुढच्या दोन महिन्यांची आणून ठेवलेली, एकही कातरलेली नाही. प्रज्ञा म्हणाली, "आईनं हे काय केलं?" मी म्हटलं, "काय की." तोंडातून आलं ते हेच.

तर मांडवात लोक तुझी काटकसर सांगत होते, तेव्हा मला हे बोलायचं होतं. आणि मी लोकांना जेवायला सांगितलं.

विधीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. दुपारी प्रज्ञा घर आवरत होती. तिने तांदळाच्या डब्यात हात घातला आणि चिंधी बाहेर आली. ती तिथंच बसली आणि रडली. एवढ्या दिवसांत तेव्हाच रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा, लावू?"

लावला. तिने तुझा तांबडा माणूस घेतला. पूल झाला. भिंत झाली. धबधबा आला. मी पहिल्या दगडावर चढलो आणि थांबलो.

"बाबा, चढा ना."

"तू ये आधी."

"मी येतेय, तुम्ही चढा."

"न्हाय. तू माझ्या बरोबरीला ये, मग चढतो."

ती आली. आम्ही दगडामागून दगड बरोबर चढलो. कुणीच खाली पडलं नाही. सुमन, तो भाग तसाच खेळायचा असतो. पंचवीस वर्षं तू ओरडून सांगत होतीस आणि ते एवढं सोपं होतं.

पुढे माझे तिन्ही जीव गेले. गुडघ्याबरोबर बोटंही गेलीत माझी. प्रज्ञाचे दोन उरले होते, वर दिसत होते. ती म्हणाली, "घ्या की माझ्यातला. बटण दाबा." माझा अंगठा बटणावर होता. मी रिमोट खाली ठेवला.

मग मी तिला अडकित्त्याचं सांगितलं. टीव्हीकडे बघत सांगितलं, तिच्याकडे बघून जमलं नसतं. तिचा माणूस चित्रात नुसता उभा राहिला, गोळ्या लागून मेला, परत उभा राहिला आणि परत मेला.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हय."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"तेव्हापण."

ती उठली आणि मोरीवर गेली. घासलेली भांडी परत घासली. मी आवाज ऐकत बसलो. वाटलं, आता संध्याकाळच्या गाडीने जाईल आणि परत येणार नाही. ती आली, पदराला हात पुसले. माझ्यापुढे माझी गोळी आणि पाण्याचा पेला ठेवला, जरा आपटूनच ठेवला. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? आईला सांगा."

मला वाटलं, ही रागाने बोलली. नंतर कळलं की पोरीने मला काम लावून दिलंय. तुझीच आहे ती.

म्हणून सांगतोय. हे मोरेबाई शुद्ध करतील, अंकात लिहून घेतील, वाचनालयात टेबलावर ठेवतील. गावातली माणसं वाचतील. ज्यांनी तुझी काटकसर वाखाणली तीही वाचतील. वाचू देत. मी आरोग्य केंद्रात नर्सताईंकडेही जाऊन आलो. तुझी गोळी तिथं मिळत नाही म्हणून आपण कधी पुढे विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, त्या नावाची नसते, पण तेच काम करणारी दुसरी असते, फुकट असते, डॉक्टरांना विचारून बदलून देता येते. "विचारायचं होतंत की, काका." मी तिथल्या बाकावर जरा वेळ बसून राहिलो.

सुमन, तुझं घर चालवायचं शास्त्र मी लोकांना अभिमानाने सांगायचो. ते चूक होतं. तू बोलायची नाहीस ही तुझी चूक, आणि न बोलण्यावर माझं बरं चाललं होतं ही माझी. तुझी लहान, माझी मोठी. खेळात वर कोपऱ्यात दिसायचं, कुणाचे किती उरले. घरात तसं काही लावलेलं नसतं. तिथं एकमेकांना विचारावं लागतं, आणि मला ते अडकित्त्यावर दिसलं असूनही मी विचारलं नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात गोळ्या कातरल्या जात असतील तर आज विचारा. बायको रागावेल. रागावू दे.

मोरीला लाद्या बसवल्यात. खाली बसून, गुडघा लांब करून, चार दिवस लागले. पांढऱ्याच आणल्या. तू म्हणाली असतीस, मळतात.

तुझ्याबद्दल लोक चांगलंच बोलतील, मीही बोलेन. मंगळावर जाणाऱ्यांच्या तांदळाची काळजी करणारी बाई या गावात परत होणार नाही. माझं नशीब, की ती माझ्याबरोबर बसून खेळली, आणि मी न विचारता नेलं तरी "नेलात वाटतं" एवढंच म्हणून पुढे गेली. पण तू मला त्या दुपारी आतून उत्तर दिलं होतंस आणि त्यावर बोलायची पाळी माझी होती. ती अजून माझ्याकडे आहे.

तर ऐक. मी पडवीत बसलोय, अडकित्ता उघडलाय, बोट जिभेला लावलंय. तू आतून म्हणालीस, चुना असंल.

चुना न्हाय गो हा. ये इकडं, आणि येताना तुझी डबी घेऊन ये.